स्टेर्योसचा होकार

एवान्थियाचा आवाज कारखान्यात कमावलेला होता. ग्रीसमधल्या आमच्या वेरिया गावच्या पीच डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तिचं उभं आयुष्य गेलं, आणि तिथल्या यंत्रांच्या घरघरीत ज्याला आपलं म्हणणं पोचवायचं त्याला ओरडण्यावाचून गत्यंतर नसे. ती सवय घरी आली ती घरचीच झाली. तिनं कानात काही सांगितलं तरी शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. नवरा स्टेर्योस अगदी उलट. पीचच्या झाडांना कलमं करायची आणि मुकाट घरी यायचं. दिवसाला चार वाक्यं बोलला तर आम्ही समजायचो, आज स्वारी खुशीत आहे.

असा माणूस विसरायला लागला, तर ते पटकन कुणाच्या ध्यानात यावं कसं? अल्झायमर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी मात्र तो आपणहून बोलला.

"आईला हेच झालं, तेव्हा तिला आम्ही मागच्या खोलीत कोंडलं होतं गं. कुणी विचारलं तर सांगायचो, झोपलीय. माझं डोकं तरी कुणाच्या कामी येऊ दे."

थेसालोनिकी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात या आजारावर संशोधन चाललं होतं. तिथली डॉक्टर इस्मिनी लहानखुरी, पण वकिलासारखी स्पष्ट. मेंदूत राखणदार पेशी असतात, त्या या आजारात खवळतात आणि सूज येते. शिरेतून दिलेलं औषध नेमकं त्या खवळलेल्या जागी जाऊन चिकटतं आणि मेंदूचं चित्र काढणाऱ्या यंत्राला दिसतं, असं तिनं समजावलं. "याने काका बरे होणार नाहीत हं. उपयोग झाला तर पुढच्यांना होईल. आणि एक अट आहे. त्या दिवशी, यंत्रापुढे, काकांनी स्वतः हो म्हणायला हवं. तुमचं हो चालणार नाही."

"अगं पोरी, लग्न झाल्यापासून याचं हो-नाही मीच सांगत आलेय!"

"इथं नाही, काकू."

नंबर यायला हिवाळा उजाडला. तोवर स्टेर्योस बराच उतरला होता. कधी घर ओळखे, कधी नाही. एवान्थियाला एकच घोर लागला होता: याचं 'हो' संपायच्या आत ते यंत्र गाठायचं. आणि नेमकी आदल्या दिवशी स्वारी शिंकायला लागली.

सर्दी-ताप असेल तर कळवा, असं इस्पितळानं बजावलं होतं. एवान्थियानं कळवलं नाही. आमच्याकडची कुठलीही बाई करील तेच तिनं केलं. काचेचे छोटे पेले काढले, जेवणाच्या काट्याला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला, पेटवून पेल्यांच्या आत फिरवला, आणि नवऱ्याच्या पाठीवर ओळीनं तुंबड्या लावल्या. वर डोंगरी चहा पाजला. सकाळी शिंका थांबल्या होत्या. बसमध्ये ती कुणाकडे बघेना.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? नर्स असिमिनानं स्टेर्योसचा शर्ट उतरवला आणि पाठीवरचे ते जांभळे चंद्र बघून कमरेवर हात ठेवले.

"काकू, कधी लावल्यात तुंबड्या? माझी आई पण लावते. उगाच कुणी लावत नाही."

इस्मिनी आली. त्याच्यासाठी म्हणून पहाटे बनवलेलं औषध तयार होतं. ते टिकणारं नव्हतं, संध्याकाळपर्यंत त्यातला जीव जाणार होता. "सर्दीनं सगळं अंगच खवळतं, काकू. मग मेंदूतली सूज आजाराची की सर्दीची, मला कसं कळणार? खोटं चित्र निघालं असतं, आणि मी ते खरं म्हणून जगाला दाखवलं असतं." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं एवान्थिया पुढे सांगायची. तीन आठवड्यांनी या, औषध पुन्हा बनवू, एवढंच म्हणाली. त्या पोरीचे उपकार फेडायला पीचच्या मुरंब्याच्या बरण्या पुरणार नव्हत्या.

ते आठवडे एवान्थियानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी ती नवऱ्याचा चेहरा निरखायची. ठरलेल्या दिवशी तर तो बसमधून उतरतानाच म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

यंत्रापुढे इस्मिनीनं खुर्ची ओढली आणि त्याच्या डोळ्यांत बघत हळूहळू सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुमची इच्छा आहे का, काका?"

तो वळून एवान्थियाकडे बघू लागला. "बाई, तुम्ही काय म्हणता?"

हो तिच्या अगदी जिभेवर होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"दुखतं का?" त्यानं डॉक्टरला विचारलं.

"सुई टोचताना जरासं. मग नुसतं स्वस्थ पडून राहायचं."

"ते येतं मला," स्टेर्योस म्हणाला. "हो. चला."

काम उरकल्यावर त्याला बाहेर बाकावर बसवून असिमिना बिस्किटं द्यायला गेली, आणि इस्मिनीनं एवान्थियाला आत पडद्यासमोर बोलावलं. "हे कच्चं आहे, काकू. मोजमाप अजून व्हायचंय. आणि रंग संगणकानं भरलेत, खरे नाहीत. पण सूज असते ती अशी दिसते." कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, लाल-पिवळं पसरलं होतं.

एवान्थिया बघत राहिली. तिला वाटलं होतं, याचं आत सगळं विझत चाललंय. नळ उघडा ठेवला म्हणून, चप्पल फ्रिजमध्ये ठेवली म्हणून, ती त्याच्यावर किती बरसली होती.

"एवढं पेटलंय गं आत," ती म्हणाली, "आणि या माणसानं एकदाही माझ्यावर आवाज चढवला नाही!"

ती तरातरा बाहेर आली, बाकावर त्याच्याजवळ बसली, त्याचा हात हातात घेतला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "स्टेर्योस, फार उपकार आहेत रे तुझे माझ्यावर!"

बिस्किटाचा चुरा शर्टावरून झटकत तो म्हणाला, "ओरडतेस कशाला, एवान्थिया? इथंच तर आहे मी."