नारळ फुटल्यानंतरची पाळी

त्याने हात जोडून माझ्याकडे दुसरे काम मागितले होते, ही गोष्ट मी बरीच वर्षे लपवून ठेवली. घरी सांगितली नाही, कंपनीच्या चौकशीत सांगितली नाही, आणि पुढे शपथपत्रातही लिहिली नाही.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर दोघे जोडीने काम करीत. एका सकाळी त्यांतल्या एकाचा हात यंत्रात सापडला. यंत्र बंद करायला धावला तो त्याचा जोडीदार; पुढे माझ्यापुढे हात जोडले ते यानेच. आमच्याकडे अपघातानंतर यंत्राची पूजा होई, नारळ फुटे, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत रक्त सांडले त्यालाच पहिल्या पाळीला तिथे बसवीत. भीती जिथून शिरली तिथूनच निघते, अशी समजूत. तरुणपणी मलाही असेच बसवले होते, आणि ते मी उपकारच मानीत आलो.

"साहेब, मले पॅकिंगमंदी टाका. झाडू माराले लावा. हाताची थरथर थांबूनच नाही राहिली."

"नारळ फुटला ना गा? आता काहून भेऊन राहिला?"

मागून कोणी ओरडले, "प्रसाद खाताना नाही थरथरला बे याचा हात!"

सगळे हसले. मीही हसलो. तो बसला.

पुढे त्याची झोप गेली. कुकरची शिट्टी झाली तरी तो कान दाबून कोपऱ्यात बसे. नोकरी सुटली. रामदासपेठेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजाराचे मूळ अपघातात आणि नंतरच्या सक्तीत आहे, असे लिहून दिले. आजार कामामुळेच जडला हे मान्य व्हावे, म्हणून तो कामगार न्यायालयात गेला. कंपनीने मला साक्षीदार केले. तो स्वखुशीने यंत्रावर बसला, त्याने कधी तक्रार केली नाही, अशा शपथपत्रावर मी सही केली. उलटतपासणी पुढच्या तारखेला होती.

मधल्या दिवसांत मला एका जागी बसवेना. पेपर घेऊन खोल्यांमधून फिरत राही. बाहेर पडलो की घरी परतावेसे वाटे.

"बसा तरी, नाहीतर जा तरी," पत्नी वैतागून म्हणाली.

निवृत्ती जवळ होती, कंपनीची भीती होतीच. पण त्याहून दुसरेच काही टोचत होते. ज्याला मी उपकार म्हणत होतो, त्या तरुणपणीच्या पाळीनंतर थोड्याच दिवसांत मी तेव्हाच्या साहेबांच्या मागे लागून प्रेसवरून सुटका करून घेतली होती. माझे ऐकले गेले होते.

न्यायालयात त्याच्या वकीलबाईंनी विचारले, "त्यानं तुमच्याकडे दुसरं काम मागितलं होतं?"

"हो. हात जोडून."

कंपनीचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना बसवले आणि मला म्हणाले, "शपथपत्रात तुम्ही वेगळं लिहून दिलंय. परिणाम ठाऊक आहेत ना?"

"आहेत, साहेब. ते खोटं होतं. मीच त्याला बळजबरीनं बसवलं."

साक्ष नोंदवून झाली. निकाल अजून लागायचा होता. बाहेर व्हरांड्यात तो बायकोशेजारी भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून त्याने मान वळवली. मला निघून जाता आले असते. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"तू भेला होता, हे मले तवाच दिसलं होतं गा. तरी मी तुले बसवलं, वरून हसलो. माहं चुकलं. मले माफ कर."