बावीस तास

किन्हवलीच्या स्टँडवर माझा फोनबूथ होता. एक म्हातारा दर सोमवारी शिकागोतल्या मुलाशी बोलायला यायचा. रिसीव्हर ठेवला की टोपी मांडीवर घेऊन तेच विचारायचा, "विमानाला किती टाइम लागतो रे?"

"तेरा हजार किलोमीटर आहे, बाबा. बावीस तास तरी लागतात."

तो बोटांवर तास मोजत बसायचा.

एकदा मी वैतागलोच. "येणारे का तो?"

"त्याचा नाय रे. माझा हिशेब करतो. आमच्यात मढं रातभर घरात ठेवत नाय. मला बावीस तास कोण ठेवील?"

तो गेला त्या दिवशी मुलाला फोन मीच लावला. लाईन लागेपर्यंत दुपार टळली.

"थांबवा त्यांना. मी निघालोच," मुलगा रडत म्हणाला.

मी "हो" म्हणालो. बूथसमोरून तिरडी चालली होती.