पिठाच्या गिरणीतल्या वकील

पगारे मॅडमच्या काळ्या कोटावर नेहमी पीठ असायचं. बाह्यांवर, खांद्यावर, कधी कॉलरच्या आत. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात नव्याने बदलून आलेल्या एका न्यायाधीशांनी एकदा भर कोर्टात विचारलं, "मॅडम, स्वयंपाक करून आलात का?" मागच्या बाकांवर हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "नाही साहेब, पक्षकारांना भेटून आले," आणि त्यांनी युक्तिवाद सुरू केला.

न्यायालयाच्या बातम्या करणाऱ्या आम्हा दोघा-तिघांना त्या उत्तराचा अर्थ लागला नाही. दुपारी मी त्यांच्यामागून गेलो. पंचवटीतल्या एका पिठाच्या गिरणीत त्या शिरल्या, गव्हाच्या पोत्यांमागची लोखंडी खुर्ची ओढून बसल्या. रांगेतल्या एका बाईने आपला डबा पुढे सरकवला, वाकून मॅडमच्या कानाला तोंड लावलं आणि ती बोलू लागली. गिरणी चालू होती. दोन हात अंतरावर उभं राहूनही मला एक शब्द ऐकू आला नाही.

विमल पगारे नाशिकरोडच्या. वडील छापखान्यात कामगार. मॅडमनी आयुष्यभर दिवाणी वकिली केली, ती चांगली चालली. गरीब वस्त्यांसाठी मोफत कायदा सल्ला सुरू करायचं ठरवलं तेव्हा त्यांनीही सगळे करतात तेच केलं. सातपूरच्या एका वस्तीतलं समाजमंदिर मागून घेतलं, फलक लावला, चार-पाच वकील मित्र शनिवारी टेबल टाकून बसले. पुरुष आले. कुणाला गावच्या बांधाचं विचारायचं होतं, कुणाला कंत्राटदाराचं. बायका येत नव्हत्या. एक आली ती दारापर्यंत. आत कॅरम खेळणारा नवऱ्याचा दोस्त तिला दिसला. "पोलिओचा डोस इथंच आहे का?" असं विचारून ती परत फिरली. तिच्या कडेवर मूल नव्हतं.

मॅडमनी फलक उतरवला. "वकिलाकडं चाललेली बाई सगळ्या वस्तीला दिसते," त्या म्हणायच्या, "दळणाला चाललेली कुणालाच दिसत नाही." गिरणीत थांबावंच लागतं, म्हणून थांबलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. शिवाय तिथल्या आवाजात सगळेच एकमेकांच्या कानाशी बोलतात. वकिलाच्या केबिनमध्ये मिळत नाही एवढा एकांत तिथे भर गर्दीत मिळतो. ही गोष्ट त्यांना कुठल्या परिसंवादात कळली नव्हती. स्वतःची बाजरी दळायला गेल्यावर शेजारणींचं बोलणं कानावर पडलं, तेव्हा कळली.

गिरणीतल्या कामाचे त्यांचे नियम ठरलेले होते. तिथे कागद-पेन काढायचं नाही. ऐकायचं. बाईचं सांगून झालं की तिचं म्हणणं तिलाच परत सांगायचं, शक्यतो तिच्याच शब्दांत. ती "नाय, असं नाय" म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. ती "हां, असंच" म्हणाली की मगच तिला वेगळ्या दिवशी कागदपत्रं घेऊन कोर्टाजवळच्या ऑफिसात बोलवायचं.

तरुण वकिलांना हा प्रकार बालिश वाटायचा. इमरान शेख त्यांत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, मी एलएलएम केलंय. मी टेपरेकॉर्डर नाही."

"टेपरेकॉर्डर बरा," मॅडम म्हणाल्या, "तो मध्येच सल्ला देत नाही."

काम वाढलं ते एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत. जिचं काम झालं ती आपल्या बहिणीच्या वस्तीतली गिरणी सुचवायची. गिरणीवाल्याशी बोलायला मॅडम स्वतः जायच्या आणि येताना तिथूनच दळण घेऊन यायच्या. नवे वकील येत गेले. निवृत्त सरकारी वकील आले, कायद्याच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका आल्या. कुणीतरी सगळ्यांसाठी नाव छापलेले टी-शर्ट करायची कल्पना काढली. मॅडम म्हणाल्या, "मग समाजमंदिरच काय वाईट होतं?" तो विषय तिथेच संपला. संस्था म्हणून नोंदणीसुद्धा केलेली नव्हती. प्रत्येक वकील आपापल्या वकीलपत्रावर स्वतंत्र, आणि गिरणीत बसायचे दिवस तेवढे वाटून घेतलेले. नाशिक शहरानंतर दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत इथे काम सुरू झालं, मग मनमाडला. तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराचा दिवस धरायचा. बाजाराला आलेली बाई दळण टाकूनच घरी जाते.

दिंडोरीच्या गिरणीत मंगल आली. जवळच्याच एका गावातली, बागाईतदाराच्या घरातली धाकटी सून. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला. दिवसपाणी झाल्यावर ती पोरीला घेऊन पेठकडे भावाच्या घरी राहायला गेली. परतली तेव्हा तिच्या खोलीला कुलूप होतं. थोरल्या दिराने सांगितलं, तुझं इथं काही नाही. भावाच्या घरी भावजय तोंडाने काही म्हणत नव्हती, पण ताट उशिरा वाढू लागली होती. मंगलने इमरानच्या कानाशी एवढंच सांगितलं: "मला माझ्या घरात जायचंय."

अर्ज इमरानने केला. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली विधवा सुनेलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क मागता येतो. दिराने उत्तर दिलं की ही बाई नवऱ्याबरोबर नाशिकला राहत होती, या घरात ती कधी नांदलीच नाही. सगळं प्रकरण या एका वाक्यावर येऊन थांबलं. ती त्या घरात राहिली होती हे सांगणारं कुणी पुढे येईना. गावात बागा दिराच्या, पाण्याची पाळी दिराच्या हातात.

दरम्यान दिराच्या वकिलाने तडजोड पुढे केली. दिंडोरीत भाड्याची खोली घेऊन देतो, भाडं आम्ही भरू. कायद्यात ही सोय आहे. इमरान खूश होऊन गिरणीत आला आणि त्याने मंगलला बातमी दिली. ती दळणाचा डबा उचलून निघाली.

"काय झालं हिला?" इमरानने विचारलं.

"तू तिला काय मिळू शकतं ते सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. "तिनं काय मागितलं होतं?"

इमरान बाजारातून तिच्यामागे गेला. भाजीच्या ओळीत त्याने तिला गाठलं आणि तिचं पहिलं वाक्य तिला परत म्हणून दाखवलं. ती थांबली. "वकीलसाहेब," ती म्हणाली, "भाड्याच्या खोलीत गेले तर मी त्या गावची राहत नाय. उद्या माझी पोरगी कुणाच्या बागेकडं बोट दावील? मला खोली नको. मला दारातनं आत जायचंय." तडजोड नाकारली गेली.

त्यानंतर दिराच्या माणसांनी गिरणीकडे मोर्चा वळवला. त्यांची दळणं यायची बंद झाली. गिरणीवाले रंगनाथभाऊ अवघडून म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस खुर्ची दुसरीकडं टाकता का? लय बोलत्यात लोकं."

चाळणी झटकत असलेल्या त्यांच्या बायकोने, लीलाबाईंनी, मान वर केली नाही. "गिरणी कुणाच्या नावावर हाय?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या."

"मग खुर्ची ऱ्हाऊ द्या. तुमाला लाज वाटत आसंल तर तुमी बाजारातनं फिरून या."

रंगनाथभाऊ खरोखरच फिरून आले. खुर्ची हलली नाही.

पुढच्या बाजाराला एक म्हातारी बाई डबा घेऊन मॅडमसमोर वाकली. म्हणाली, "मी मंगलची सासू. त्या कुलपाचं तुमाला सांगते..." मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. "मावशी, पुढं बोलू नका. मी तुमच्या सुनेच्या बाजूची आहे. तुमचं मला ऐकता येणार नाही. तुम्हाला वेगळी वकीलबाई देते, तिला सगळं सांगा."

त्या संध्याकाळी ऑफिसात मोठा वाद झाला. अर्जात सासूचंही नाव सामनेवाल्यांत होतं. इमरान उभा राहून बोलत होता. "म्हणजे आपणच आपल्या विरोधात वकील उभा करायचा? लोक हसतील, मॅडम. आणि ती आतली माहिती काढायला आली असेल तर?"

"असेल," मॅडम म्हणाल्या. "तिलाही वकील लागतो. समोरच्याला वकील नसताना आपण जिंकलो तर ते जिंकणं नव्हे. समोर कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ."

मात्र आधी त्यांनी मंगलला बोलावून विचारलं. ती नाही म्हणाली असती तर मॅडमनी सासूला दुसरीकडे कुठे पाठवलं असतं, हे सांगता येत नाही. मंगलने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "द्या. तिचं तरी त्या घरात कोण ऐकतंय?"

पिंपळगावच्या गिरणीत बसणाऱ्या वकील बाईंनी सासूचं, ठकूबाईंचं, वकीलपत्र घेतलं. या प्रकरणावर त्यांनी मॅडमशी किंवा इमरानशी बोलायचं नाही असं ठरलं आणि ते पाळलं गेलं. ठकूबाई काय सांगणार, याची मॅडमच्या बाजूला कुणालाही कल्पना नव्हती. इमरानची झोप उडाली होती. त्या साक्षीवर मंगलचं घर जाणार होतं किंवा राहणार होतं, आणि ती साक्ष मॅडमनीच मिळवून दिलेल्या वकिलाबरोबर येत होती.

ठकूबाईंनी मुलापासून वेगळं म्हणणं मांडलं. सून लग्न होऊन याच घरात आली, माझ्या शेजारच्या खोलीत नांदली, कुलूप थोरल्याने लावलं, मला विचारलं नाही. दिराच्या वकिलाने उलटतपासणीत आवाज चढवला. "आजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"खोटं आसतं तर शिकवावं लागलं आसतं, साहेब," ठकूबाई म्हणाल्या.

आदेश झाला. खोली उघडून द्यावी, सुनेला राहण्यास कोणी अडथळा करू नये. माझ्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली. दोन्ही बाजूंच्या बायकांचे वकील गिरणीत बसणाऱ्यांच्या एकाच यादीतले होते, हे बातमीत नव्हतं. पण वकिलांच्या खोलीत ते पसरलं आणि त्यानंतर स्वतःहून नाव देणारे वकील वाढले. त्यांत दिराचा वकीलही होता. मॅडमनी त्याला मनमाडला पाठवलं. "बोलतो छान," त्या म्हणाल्या, "आता जरा ऐकू दे."

पगारे मॅडम गेल्या वर्षी हृदयविकाराने गेल्या. शोकसभा वकिलांच्या खोलीतच झाली. वक्त्यांनी दीपस्तंभ, वटवृक्ष असे शब्द वापरले. मागे भिंतीला लागून बायका उभ्या होत्या, खुर्च्या रिकाम्या असूनही बऱ्याच जणी बसल्या नाहीत. इमरान शेवटी बोलला, आणि त्याने फक्त कुलूप उघडलं त्या दिवसाचं सांगितलं.

संरक्षण अधिकारी आणि पोलीस यांच्यासमोर दिराने किल्ली काढून दिली. दार उघडलं. मंगल पुढे झाली तर ठकूबाईंनी तिला उंबऱ्यापाशी थांबवलं आणि त्या आत निघून गेल्या. आता काय नवीन, म्हणून इमरानने तिथूनच मॅडमना फोन लावला.

"दार उघडलं, मॅडम. पण सासूबाई तिला आत जाऊ देत नाहीत."

"काही बोलल्या?"

"नाही."

"मग थांब."

ठकूबाई बाहेर आल्या त्या भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. नव्या नवरीला उंबऱ्यावर ओवाळतात तसं त्या मंगलला ओवाळू लागल्या. थोरली सून मागून म्हणाली, "आत्याबाई, विधवेला कुठं ओवाळत्यात?"

"घरी आलेल्याला ओवाळत्यात," ठकूबाई म्हणाल्या. तुकडा त्यांनी अंगणात टाकला, मंगलच्या पायांवर पाणी घातलं. मंगल आत गेली. पाठोपाठ ठकूबाई गेल्या आणि दार लोटलं गेलं.

इमरानचा फोन चालूच होता. त्याने हे सगळं मॅडमना सांगितलं. मग विचारलं, "मी एकदा आत जाऊन बघू का? खोली नीट आहे का, सामान सगळं आहे का."

"तुला कुणी आत बोलावलंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग परत ये," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं घर आहे."