फुलचुखीसाठी गप बसलो

आता माझ्याच तोंडानं काय सांगू! चहा निवायच्या आत सांगून टाकतो, पन हसायचं न्हाई हं.

निजामाचं राज जाऊन दोनेक वर्षं झालती. त्या मारामारीच्या धामधुमीत चिटगुप्पा गावातलं आपलं घर सोडून आमी पाव्हण्याकडं राहिलो, ते परत आलो. अंगणातलं डाळिंब वाळून खराटा झालतं. पानी घालघालून जगवलं. उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुललं, पन फुलचुखी काय येईना! अंगठ्याएवढं, वाकड्या चोचीचं पाखरू ते. आधी दरसाल ह्याच डाळिंबाला घरटं टांगायचं. ते आलं की घर पुन्हा आपलं झालं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. जीव नुसता टांगनीला!

माझ्या दुकानाचा वकूत सोडला तर दिवसातून पन्नास येळा मी अंगणात. गुळाच्या पान्याची वाटी हिकडं ठेव, तिकडं ठेव, मांजर हाकल, फांदीत डोकं घाल.

बायको म्हनली, "अवं, असं भिरभिर करायलाव, पाखरू बसंल तरी कुठं? जरा एका जागी बसा की!"

"बसतो. पन आज चूल पेटवू नको. धुरानं ते येनार न्हाई."

"मग खायाचं काय?"

"ते येस्तोवर काय न्हाई!"

कपाळावर हात मारून ती धुनं घेऊन विहिरीवर गेली.

मी आंघोळ, लिंगपूजा उरकली. कपाळभर इभूत. गळ्यात जास्वंदीची माळ घातली, डोईच्या रुमालात डाळिंबाची फुलं खोचली. कामून? पाखराला लांबून दिसावं म्हनून! आन् अंगणात भितीला टेकून, मांडी घालून, डोळे मिटून बसलो. मुंगी चावली तरी हाललो न्हाई.

तेवढ्यात शेजारची काशम्मा अक्का चुलीतला विस्तू मागायला आली. बघती तर चूल थंड!

"अप्पा? ओ अप्पा!"

आन् त्याच वक्ताला डाळिंबावर चिवचिव. आली! आता बोलू कसं?

आमच्यातली रीत ठावं हाय का तुमाला? मानूस गेला की आडवा ठेवत न्हाईत. इभूत लावून, माळ घालून, भितीला टेकवून मांडी घालून बसवत्यात. आन् त्या घरची चूल पेटत न्हाई.

अक्कानं असा हंबरडा फोडला! घडीभरात गल्ली गोळा. शिवप्पा अण्णा, दोन महिने माझ्याशी बोलत नव्हता बघा, तो छाती पिटून रडायलाय, "असा भला मानूस पुन्हा व्हनार न्हाई!" हिकडं पाखरू माझ्या रुमालावरच्या फुलापाशी फडफडायलंय. अण्णानं आनखी वरचा सूर लावला तसं मला राहवेना.

"अण्णा, हळू रडा की! उडंल ती!"

अरारारा! अण्णा उलटा न्हानीत पडला. बाया किंचाळत पळाल्या. पाखरू तर सगळ्यांच्या आधी पळालं.

बायको धुनं टाकून धापा टाकत आली. मला जिता बघून आधी पोटभर रडली, मग पोटभर बोलली. माझ्या पन डोळ्यात पानी आलं.

"माझं जाऊ दे गं," म्हनलं. "एवढ्या दिसानं पाखरू आलतं, ते गेलं!"

"एवढ्या दिसानं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "पंधरा दिस झालं, रोज यायलंय की! मागच्या लिंबोनीला घरटं अर्धं झालंय. तुमी दुकानाला गेलाव की येतंय, तुमचा आवाज आला की जातंय."

"मग मला सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी दुकानाला गेला असताव व्हय?"