घारकड्यावरचा भंडारा

आवं, दुसऱ्यांचे नवरे पत्त्यात रमत्यात, तंबाखूत रमत्यात. आमचे मालक खडकात रमले! सुप्याच्या बाजारात त्यांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पण रविवार उजाडला की दुकानाला कुलूप अन् खांद्यावर दोर. पुण्यात वायरिंगच्या कामाला होते, तवा कडे चढणाऱ्या पोरांच्या संगतीला लागले. पंच्याण्णव साली गावी आले ते हे याड घेऊनच.

गावामागं फॉरेस्टच्या रानात घारकडा हाय. काळा, सरळसोट. आमच्या घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्या खाली मेंढरं चारली, पण वर हात लावायची कुणाची टाप न्हवती. मालकांनी गावातली पोरं गोळा केली, पोरी बी! कमरंला दोर बांधून पुढच्या सोप्या अंगानं एकेकाला चढवायला लागले. पहिल्यांदा मी डोळं गच्च मिटून घेतलं. दुसऱ्या रविवारी भाकरी बांधून मीच म्होरं!

मागलं अंग मात्र लई वंगाळ, पार बाहेर झुकलेलं. माझ्या सासूनं, सारजाआत्यानं, त्यांना बिरोबाची शपथ घातलेली, तिकडं जायचं न्हाय म्हणून. पण ऐकंल तो माणूस कसला! वरनं दोर सोडून पहाटं एकटेच झटायचे. घामानं हात निसटायचा. पुण्याची पोरं हाताला पांढरी पावडर लावत्यात म्हणं. ती हितं कुठनं आणायची? ह्यांनी गुपचूप देव्हाऱ्यातला भंडारा कमरंच्या पिशवीत भरला. धनगराच्या घरात दुसरं काय सुचणार! अन् मी हिकडं हळद कुठं जातीय म्हणून उंदरांना शिव्या घालतीय.

एक दिस आत्या शेरडं घेऊन मागल्या अंगाला गेली अन् वर बघते तर काय, माणूस पोचायचा न्हाय अशा जागी पिवळ्याजर्द खुणा! "बिरोबा आला गं बाई!" करत पळतच गावात. मग काय विचारता! नारळ फुटले, झेंडा लागला, कुणी विटा आणून ओटा बी रचला.

फॉरेस्टच्या सायबांनी ओटा बघितला अन् कड्याकडं जायची वाटच बंद केली. देवाला बी न्हाय, दोराला बी न्हाय.

मालक दुकान सोडून सायबांच्या मागं. "साहेब, सरकारी रान म्हंजी सगळ्यांचं रान. आमी खिळा ठोकत न्हाय, झाडाला हात लावत न्हाय, घारीची पिल्लं असली की तिकडं फिरकत न्हाय. पोरांचा कडा तेवढा बंद करू नका."

"आज ओटा, उद्या देऊळ. आधी देव उठवा नागेशराव, मग बोलू."

घरी आले अन् दोराच्या गाठी सोडत बसले. मी खोदून खोदून विचारलं तवा खुणा कुणाच्या ते कळलं. "मग सांगून टाका की!" म्हटलं. तर म्हणाले, "आईला कुठल्या तोंडानं सांगू? तिचा देव बी जायचा अन् माझी शपथ बी."

शेवटी साहेब कुंपणाची तार घेऊनच आले. सगळं गाव कड्याखाली जमलं. साहेबांनी विचारलं, "ही हळद लावली कुणी?"

आत्या ताठ मानेनं म्हणाली, "देवानं! तितं माणूस चढतोय व्हय?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान डोलवली. पुढच्या अंगानं ते वर गेले, दोर अडकवला, खाली आले अन् समद्या गावादेखत मागल्या अंगाला भिडले. आई गं! कवा बोटांवर लोंबकळत्यात, कवा पाय हवेत! पोरं तर बोंबलून बोंबलून येडी झाली. एकेका पिवळ्या खुणंवर ते हात ठेवीत गेले. बरोब्बर बसला हात! अन् गेले की वो माथ्यावर!

ते खाली आले. आत्या म्होरं झाली अन् पाठीत असा धपका घातला!

"मुडद्या! मी तुझ्याच हाताला नारळ फोडत होते व्हय रं?" म्हणली अन् हसता हसता रडायलाच लागली.

मग पदरानं डोळं पुसलं अन् आपल्या हातानं झेंडा काढला. "बिरोबा हितं बसलाच न्हवता सायेब. हे पोरगं चढलं. आता ह्याचा कडा ह्याला द्या."

तार तशीच गाडीत परत गेली. रविवारी चढायला परवानगी मिळाली, घारीची पिल्लं उडाल्यावर. साहेबांची अट एकच, कड्यावर भंडाऱ्याचा ठिपका दिसला की वाट बंद. पोरांनी बादल्या वाहून कडा घासून काढला. आता हाताला माझ्या चुलीतली राख!

पहिल्या रविवारी साहेब जातीनं बघायला आले. मालक मागल्या अंगाला दोर बांधत होते, तेवढ्यात आत्या कनवटीचा भंडारा काढत म्होरं झाली.

"आजी, ठरलंय ना आपलं?" साहेब म्हणाले.

"कड्याला कोण लावतंय?" म्हणली आत्या, अन् मालकांचं कपाळ भरून टाकलं. "चढ आता. चांगभलं!"