अंबुबाईंचा ट्रान्सफॉर्मर

विठोजी जाऊन वर्ष होत आलं, पण राजाजीनगरच्या त्या पुढच्या खोलीत त्यांचा आवाज अजून कामाला येतो. बायकोने, म्हणजे अंबुबाईंनी, वाइंडिंग मशीनचा दांडा धरला की पाठीमागून आकडा ऐकू येतो, "दोनशेवीस, अंबू." त्या वळून बघत नाहीत. सुरुवातीला बघायच्या. मागे फक्त त्यांची खुर्ची असायची, आणि रिकामी खुर्ची बघण्यापेक्षा नुसता आवाज परवडला.

सगळा संसार असाच झाला होता. कुठल्या ॲम्प्लिफायरला कसला ट्रान्सफॉर्मर, हे ठरवायचं विठोजींनी आणि तार गुंडाळायची अंबुबाईंनी. व्होल्टेज बरोबर आलं की नवरा कानडीत एवढंच म्हणायचा, "सरी," म्हणजे बरोबर. झालं! कौतुकाच्या बाबतीत माणूस भलताच चिक्कू. पण त्या एका शब्दासाठी बाईंनी मैलोन् मैल तार गुंडाळली.

आता घरातलाच ट्रान्सफॉर्मर जळला होता. विठोजींनी शेवटच्या वर्षात स्वतःसाठी जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनवला होता, त्यातला. तो ट्रान्सफॉर्मर तेवढा शिवाजीनगरच्या जुन्या बाजारातून आणलेला. वर आकडा नाही, नाव नाही, आतली तार जळून गोळा झालेली. मुलगा विराट म्हणाला, "आई, अण्णा सांगायचे, तू गुंडाळायचीस. आता सांगणार कोण? हा एक करून बघ. नाही जमलं तर मशीन विकून टाकू. स्वल्प आराम कर."

पोरगा मायेनेच बोलला, पण अंबुबाईंनी मशीनचा दांडा घट्ट धरला. मशीन गेलं की आवाजही जाणार होता.

"दोनशेवीस," आवाज म्हणाला. बाईंनी तार जोडायला घेतली. तीनशे व्होल्ट डीसी हवे तर दोनशेवीसचं वाइंडिंग, हा घरातला ठरलेला हिशेब. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर लगेच कपॅसिटर असला की तो व्होल्टेजचं वरचं टोक धरून ठेवतो, आणि दोनशेवीसचे तीनशे होतात. सवयीने त्यांनी ॲम्प्लिफायरची चेसिस उलटी केली, तारेवरून बोट फिरवलं आणि बोट थबकलं. रेक्टिफायरमधून निघालेली तार कपॅसिटरला गेलीच नव्हती. ती आधी चोकला गेली होती, लोखंडी पत्र्यांवरच्या त्या जड गुंडाळीला, जी त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. कपॅसिटर त्याच्यानंतर.

मग त्यांना आठवलं. तो चोक बसवताना सोल्डरिंगच्या धुरात डोळे बारीक करून विठोजी म्हणाले होते, "चोक पुढे असला की टोक नाही मिळत गं, सरासरी मिळते. शंभराचे नव्वद." अंबुबाईंनी नुसतं "हं" केलं होतं. ठरवणं आपलं काम नाही, तर कान कशाला द्यायचा?

म्हणजे तीनशेसाठी तीनशेतीसच्या वर जायला हवं. शिवाय व्हॉल्व्ह आणि चोक आपापला वाटा खाणारच. साडेतीनशे.

"दोनशेवीस!" आवाज पहिल्यांदाच चढला.

अंबुबाईंनी हिशेब पुन्हा एकदा बोटांवर केला. आपलं चुकलं तर कपॅसिटर फुटणार, व्हॉल्व्ह जाणार, आणि ते व्हॉल्व्ह आता कुठे मिळत नाहीत. चोकला कायम थोडा भार लागतो. तो मोकळा राहिला की व्होल्टेज सरळ टोकाला चढतं. त्यासाठी त्यांनी कपॅसिटरला समांतर एक जाडजूड रेझिस्टर जोडला. जोडता जोडता त्यांच्या लक्षात आलं, की हा आवाज वर्षभर तोच एक आकडा सांगतोय. जिवंत विठोजी काल सांगितलेलं आज खोडायचे, त्यावरून घरात भांडणं व्हायची.

"तुम्ही असे नव्हता हो," अंबुबाई मोठ्याने म्हणाल्या, आणि साडेतीनशेचे वेढे घालायला बसल्या. मशीन फिरत होतं तोवर पाठीशी आवाज चालूच होता. दोनशेवीस. दोनशेवीस. बाई रडत रडत गुंडाळत राहिल्या, पण तार कुठे सैल पडू दिली नाही.

ट्रान्सफॉर्मर बसवून झाल्यावर विराटने स्विच दाबला. मीटरचा काटा सरसर चढला आणि तीनशे ओलांडून पुढे गेला. विराट स्विचकडे झेपावला, तसा अंबुबाईंनी त्याचा हात धरला. हळूहळू व्हॉल्व्ह तापून तांबूस झाले आणि आपला वाटा खायला लागले. काटा उतरत उतरत तीनशेवर येऊन टेकला.

"आलं की गं, आई!" विराट ओरडला. "अण्णा असते तर..."

अंबुबाईंनी हाताने त्याला गप्प केलं. त्या पाठीमागे कान लावून उभ्या होत्या. इतकं बरोबर व्होल्टेज आलं की तो शब्द यायलाच हवा होता. चोक बारीक घुमत होता. बाकी खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. मग कित्येक महिन्यांनी त्या वळल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे नीट बघितलं.

"सरी," त्या स्वतःच म्हणाल्या.