आबाची हाक आणि करंजाचं तेल

वैजापूरकडच्या आमच्या गावातून मी शिकायला निघाले, तेव्हा आबा सगळी मेंढरं घेऊन फाट्यावर आला होता. एसटीच्या पुढ्यात मेंढरंच मेंढरं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून बेजार, अन् आबा निवांत. "थांब की जरा, पोरगी चाललीया माझी," म्हणाला. मी खिडकीत बसून रडतही होते अन् हसतही होते.

आता मी शहरात, पुंडलिकनगरात राहते. नोकरी, ऑनलाइन मीटिंगा, दर दोन दिवसांनी बंद पडणारी लिफ्ट. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. मागं राहिलेल्यांना वाटतं, शहरात गेलेल्याला सगळंच जमतं. मिक्सर बिघडला, मोबाईल बिघडला, की घाला पिशवीत अन् पाठवा ताईकडं! तसाच परवा भावानं आबाचा गाणी ऐकायचा प्लेअर पाठवून दिला.

हा प्लेअर साधा नाय. आबाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टर म्हणाले आवाज जाईल, तेव्हा भावानं त्यात आबाची हाक रेकॉर्ड करून ठेवली. मेंढरांना बोलवायची हाक. आता भाऊ मेंढरं चारतो, पण तो किती बी बोंबलला तरी ती ढिम्म हलत नाहीत. संध्याकाळी आबा मेंढरांच्या तळावर बसून बटण दाबतो, अन् सगळी गुमान गोळा होतात. आबाचं तेवढंच काम उरलंय. प्लेअर बंद पडल्यापासून तो बाजेवरून उठला नाय, जेवणाकडं बघत नाय, असं आई फोनवर सांगत होती.

दुरुस्तीवाल्या दुकानदारानं हातात घेऊन वास घेतला अन् परत दिला. "दीदी, इसमें कुछ नै रहा. नवा ले लो." नवा घेऊन काय करू? नव्यात आबा कुठून आणू?

मग मीच दुरुस्तीला बसले. व्हिडिओतला माणूस म्हणतो, एकदम सोपं आहे. डोंबलाचं सोपं! स्क्रू तांदळाच्या कणीएवढे, एक तर फरशीवरून कुठं गेला देव जाणे. झाकण उघडलं, तर आत सगळं तेलकट, त्यात लोकर अडकलेली. वास आला अन् कपाळावर हात मारला. करंजाचं तेल! मेंढराला जखम झाली की आबा हेच तेल लावतो. बटण अडकलं म्हणून त्यालाही चोपडलं, वर लोकरीत गुंडाळून ठेवलं. "तुझ्या बापानं लई जपलं त्याला," आई फोनवर म्हणाली. जपलं म्हणे! माझा असा संताप झाला, की प्लेअर गॅलरीतून भिरकावून द्यावा वाटला.

स्पिरिट लावून पुसलं, ब्रशनं लोकर काढली, नवी बॅटरी लावली. काही नाय. आत एक वायर तुटलेली दिसली, तिला सोल्डरचा डाग द्यायला गेले, तर बोट भाजलं. रडूच फुटलं. शेवटी चिडून वायर बोटानं दाबून धरली, अन् लाइट लागला. बोट काढलं की गेला. पुन्हा दाबलं, की लागला.

"अहो, आईला फोन लावा, स्पीकरवर टाका," मी नवऱ्याला ओरडले.

आईला म्हटलं, फोन मेंढरांकडं धर. दुसऱ्या हातानं बटण दाबलं. आमच्या हॉलमध्ये आबाची हाक घुमली. खरखरीत, लांबलचक.  तिकडं एक मेंढरू ओरडलं, मग दुसरं, मग तळच्या तळ.

"उठली गं सगळी!" आई ओरडली. "अन् तुझा बाप बी उठला बाजेवरून!"

घर कुठं आहे तुझं, असं कुणी तेव्हा विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. वायरीवरचं बोट काढायचं नाय, एवढंच कळत होतं.